वाचलं, पण कळलं का? पाचवीच्या वर्गातला मराठीचा एक आठवडा

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

या कार्यक्रमात आपण नेहमी शेळीपालन, बँकेचं खातं, हिमोग्लोबिन अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. चौथी, पाचवी, सहावीतली आपली लेकरं शाळेत मराठी कशी शिकतात, आठवडाभर वर्गात नेमकं काय चालतं आणि त्यात आपण आयांनी काय करायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी तर जरूर ऐका. त्यांच्यासाठीच हे जास्त आहे.

हा विषय का निवडला ते आधी सांगतो.

आमच्या एका गटाच्या बैठकीला एक ताई एक कागद घेऊन आल्या. एका खासगी कंपनीच्या कर्जाचा कागद होता. कर्ज त्यांच्या शेजारणीचं. "नुसती साक्षीला सही कर," असं सांगून ताईंची सही घेतली होती. ताईंना सही येते, पण वाचता येत नाही. म्हणून सही करण्याच्या आदल्या रात्री त्यांनी तो कागद आपल्या पाचवीतल्या मुलीकडून वाचून घेतला होता. मुलीने घडाघडा वाचला. कुठे अडखळली नाही. ताईंना वाटलं, पोरीने एवढं स्वच्छ वाचलं म्हणजे तिला समजलंच असणार, काही वावगं असतं तर बोलली असती.

बैठकीत आम्ही तोच कागद मुलीला पुन्हा वाचायला दिला. त्यात एक वाक्य होतं. कर्जदाराने मुदतीत परतफेड न केल्यास जामीनदार संपूर्ण रकमेस जबाबदार राहील, अशा अर्थाचं. मुलीने ते बरोबर वाचलं. आम्ही विचारलं, "जामीनदार म्हणजे कोण गं?" ती गप्प. "परतफेड म्हणजे?" गप्प. मग म्हणाली, "मला वाटलं, मोठ्यांच्या कागदात असंच लिहितात."

पाचवीच्या मुलीला कर्जाचा कागद कळलाच पाहिजे, असं आमचं म्हणणं नाही. पण "आई, हा शब्द मला कळला नाही, कुणाला तरी विचारू," एवढं ती म्हणाली असती तर त्या ताई सही करण्याआधी थांबल्या असत्या. अक्षरं वाचणं वेगळं आणि वाचलेलं समजणं वेगळं, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना उमगलं. मग आम्ही ठरवलं, शाळेत भाषा शिकवतात कशी ते एकदा जाऊन बघायचंच. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि आम्ही दोघी समन्वयक सोमवार ते शनिवार पाचवीच्या मराठीच्या तासिकेला मागच्या बाकावर बसलो.

भाषेची चार कामं

वर्गात जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. भाषा शिकणं म्हणजे चार कामं शिकणं: ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं. तान्हं मूल आधी ऐकतं, मग बोलतं. ही दोन कामं ते आपल्या मांडीवरच शिकतं. वाचणं आणि लिहिणं शाळेत सुरू होतं. आपल्याला वाटतं की मराठीचा अभ्यास म्हणजे धडा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. पण ज्या मुलाला ऐकून समजत नाही आणि मोकळं बोलता येत नाही, त्याचं लिहिणंही कोरडंच राहतं. म्हणून शाळेच्या आठवड्यात चारही कामांना जागा असावी लागते.

दुसरी गोष्ट. पहिली ते तिसरी मूल वाचायला शिकतं. चौथी-पाचवीपासून ते वाचून शिकू लागतं. म्हणजे परिसर अभ्यास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच समजून घ्यायचं असतं. वाचन कच्चं राहिलं तर एकटं मराठी मागे पडत नाही, सगळे विषय मागे पडतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं ते याच कारणासाठी. तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द, तेही अर्थ समजून वाचावेत, असं त्यातलं एक लक्ष्य आहे. त्यातले 'अर्थ समजून' हे दोन शब्द विसरू नका.

सोमवार: पुस्तक मिटलेलं

सोमवारी बाईंनी पुस्तक उघडूच दिलं नाही. आठवड्याचा उतारा गावच्या जुन्या विहिरीवर होता. बाईंनी फळ्यावर विहिरीचं चित्र काढलं आणि विचारलं, "तुमच्या घरी नळ येण्याआधी पाणी कुठून यायचं?" मुलं बोलू लागली. कुणी आजीचं सांगितलं, कुणी हापशाचं. पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा. आमच्यातली एक हळूच म्हणाली, "शिकवणार कधी?" पण तेच शिकवणं होतं. मुलांच्या डोक्यात विहीर आधी आली, म्हणून पुढे वाचताना विहिरीचे शब्द ओळखीचे वाटले.

मग बाईंनी उतारा स्वतः मोठ्याने वाचला. याला आदर्श वाचन म्हणतात. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे मुलं ऐकून शिकतात. विरामचिन्हं कशासाठी असतात हे बाईंनी दोनच शब्दांत दाखवलं. फळ्यावर तीन वेळा लिहिलं, "पैसे भरले." "पैसे भरले?" "पैसे भरले!" शब्द तेच, पण पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात विचारणा आहे आणि तिसऱ्यात आनंद नाहीतर आश्चर्य आहे. आपल्या गटात तर या तिघांतला फरक आपण रोजच अनुभवतो.

मंगळवार: वाचन

मंगळवारी मुलांनी वाचलं. आधी जोडीने, मग एकेकट्याने, शेवटी मनातल्या मनात. मोठ्याने वाचणं म्हणजे प्रकट वाचन आणि मनात वाचणं म्हणजे मूक वाचन. पाचवीत दोन्ही लागतात. मोठ्याने वाचताना बाईंना मुलाची चूक ऐकू येते. मनात वाचताना मुलाचं सगळं लक्ष अर्थाकडे राहतं.

एक मुलगा 'चऱ्हाट' शब्दावर अडला. बाई लगेच ओरडल्या नाहीत. त्यांनी मनात पाचपर्यंत आकडे मोजले, त्याला वेळ दिला. तो पुन्हा मागून वाचत आला आणि शब्द सुटला. तासिका संपल्यावर बाई आम्हाला म्हणाल्या, "आपण लगेच शब्द सांगितला की मूल पुढच्या वेळी आपल्या तोंडाकडेच बघतं." घरी आपण नेमकं हेच करतो. पोर अडलं की घाईने शब्द सांगतो, नाहीतर टपली मारतो.

मूक वाचन झाल्यावर बाईंनी पुस्तकं मिटायला सांगितली आणि चार प्रश्न विचारले. कोण? काय झालं? का झालं? तू असतास तर काय केलं असतंस? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात जशीच्या तशी होती. तिसऱ्यासाठी दोन ओळी जोडून विचार करावा लागला. चौथ्याचं उत्तर पुस्तकात नव्हतंच. वर्गातल्या बऱ्याच मुलांना पहिले दोन जमले. तिसऱ्याला हात कमी झाले. कागदावरचं 'जामीनदार' आपल्या मुलीला का कळलं नाही, ते आम्हाला इथे कळलं. तिला आजवर बहुतेक पहिलेच दोन प्रश्न विचारले गेले होते.

बुधवार: शब्दांचा दिवस

बुधवारी शब्दांचे खेळ झाले. बाईंनी 'पाणी' हा शब्द फळ्याच्या मध्यभागी लिहिला. मुलांनी भोवती शब्द लावले: पाणवठा, पाणबुडी, पाणीपट्टी. मग वाक्प्रचार आले. तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांत पाणी येणं, पाणी पाजणं, पाणी सोडणं. 'हक्कावर पाणी सोडणं' म्हणजे काय, यावर चांगली चर्चा झाली. एक मुलगी म्हणाली, "आमच्या आत्याने वावरावर पाणी सोडलं." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "वावराला पाणी सोडलं की वावरावर पाणी सोडलं?" मुलगी म्हणाली, "वावरावर. सही करून दिली मामाला... म्हणजे माझ्या पप्पांना." वर्ग गप्प झाला. व्याकरणातला एक छोटा प्रत्यय बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो, हे त्या पोरीने अनुभवातून सांगितलं.

याच दिवशी शुद्धलेखनही झालं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बदललं की कधी अर्थही बदलतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. 'र' जोडाक्षरात वेगवेगळी रूपं घेतो: सूर्य, चक्र, राष्ट्र, चऱ्हाट. पाचवीपर्यंत बरीच मुलं इथेच अडतात आणि 'सूर्य' वाचताना 'सूय' म्हणून पुढे सरकतात. हे ढिलेपण नाही. त्या अक्षराचा सराव कमी पडलेला असतो, एवढंच.

बाईंनी घरी करायला एकच काम दिलं: आजीला विचारून विहिरीशी जोडलेले पाच शब्द आणा. दुसऱ्या दिवशी मुलं रहाट, मोट, नाडा, पोहरा, थारोळं असे शब्द घेऊन आली. बाईंनी तेही फळ्यावर लिहिले. ज्या आज्यांना एक अक्षर येत नाही, त्यांनी त्या दिवशी पाचवीच्या वर्गाला शब्द पुरवले. मैत्रिणींनो, आपल्याकडे शब्दांची पेव भरलेली आहेत. ती उघडायला शिक्षण लागत नाही.

गुरुवार: लिहिणं

लिहिण्याबाबत आपला मोठा गैरसमज आहे. वही भरली, अक्षर सुंदर आलं, की आपण खूश होतो. पण फळ्यावरून किंवा गाईडमधून उतरवून काढणं म्हणजे लेखन नव्हे. स्वतःच्या मनातलं स्वतःच्या वाक्यात मांडणं म्हणजे लेखन.

बाईंनी चार पायऱ्या केल्या. आधी विषयावर बोलणं. मग मुद्दे काढणं. मग कच्चं लिहिणं. मग वाचून दुरुस्त करणं. विषय होता ग्रामपंचायतीला अर्ज. शाळेजवळच्या विहिरीचा कठडा पडला आहे, तो बांधून मिळावा. कुणाला लिहायचं, विषय काय, तक्रार कोणती, मागणी कोणती, तारीख आणि सही कुठे, हे मुलांनी आधी तोंडी ठरवलं. मग लिहिलं. एका मुलाने लिहिलं, "कठडा पडला आहे तरी बांधावा नाहीतर आम्ही पडू." बाईंनी त्याच्या चुका लाल शाईने रंगवल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुझं वाक्य कुठे संपतं?" त्याने स्वतःच पूर्णविराम दिला.

सगळ्या चुका एकदम काढल्या की मूल लिहायचंच सोडून देतं. बाईंचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट सुधारायची. या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ.

शुक्रवार: बोलणं आणि बोली

शुक्रवारी मुलांनी विहिरीवरचा एक छोटा संवाद सादर केला. पाटलीणबाई, गडी, पाणी भरणाऱ्या बाया असे भाग वाटून घेतले. इथे बाईंनी मुलांना घरच्या बोलीत बोलू दिलं. "व्हय", "न्हाई", "कुटं चाललीस" असं सगळं आलं. एक मुलगा तांड्यावरचा. घरी गोरमाटी बोलतो. वर्षभर तो वर्गात कमी बोलायचा. त्या दिवशी त्याने आपलं वाक्य गोरमाटीत म्हटलं आणि मग मराठीत सांगितलं.

शेवटी बाईंनी तीच वाक्यं पुस्तकी मराठीत कशी लिहायची ते दाखवलं. घरची बोली अशुद्ध आणि पुस्तकाची शुद्ध, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घरात घरची, अर्जात अर्जाची." सणाची साडी आणि रानातली साडी वेगळी असते, म्हणून रानातली साडी वाईट ठरत नाही. बोलीबद्दल हसू झालं की मूल तोंड मिटतं आणि तोंड मिटलं की त्याचं शिकणंही थांबतं.

शनिवार: मोकळं वाचन आणि नोंद

शनिवारी सकाळची शाळा. बाईंनी पेटीतली गोष्टीची पुस्तकं सतरंजीवर मांडली. ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. त्यात 'किशोर' मासिकाचे जुने अंकही होते. पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती ही संस्था १९७१ पासून मुलांसाठी हे मासिक काढते. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत, फक्त वाचन. शेवटी दोघा-तिघांनी आपण काय वाचलं ते सांगितलं.

त्या वेळी बाई वहीत नोंदी करत होत्या. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आहे. म्हणजे मुलाला एकट्या लेखी परीक्षेवर जोखायचं नाही. वर्षभरातलं तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, शिक्षकांचं निरीक्षण, हे सगळं त्यात धरायचं. त्यामुळे आपल्या मुलाचं नेमकं कुठे अडतं याची नोंद बाईंकडे असते. आपण मात्र शाळेत गेलो की विचारतो, "हुशार आहे ना?" आणि बाई म्हणतात, "हो, बरा आहे." दोघींचंही काम संपतं, मुलाचं अडलेलं तिथेच राहतं.

आता आणखी एक बाब आहे. शिक्षण हक्क कायदा लागू झाला तेव्हा आठवीपर्यंत कुणाला नापास करून मागे ठेवत नव्हते. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला. त्यानुसार आपल्या राज्यात आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात कमी पडलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते. तरीही जमलं नाही तर त्याला त्याच वर्गात बसावं लागतं. मुलगी पाचवीत एक वर्ष मागे राहिली की घरात लगेच सूर निघतो, "हिला शिकून काय करायचंय?" म्हणून पाचवीच्या आयांनी एप्रिलची वाट बघू नये.

आपलं मूल कुठे अडतं?

घरी ओळखायची सोपी रीत सांगतो. मुलाच्या मागच्या इयत्तेच्या पुस्तकातलं एक पान घ्या. नेहमीच्या धड्याचं नको, ते पाठ असतं. वाचायला सांगा आणि बघा.

पहिली अडचण: मूल अक्षरांवर किंवा जोडाक्षरांवर थांबतं. याला सराव हवा. रोज दहा मिनिटं, सोप्या पुस्तकातून. पाचवीतल्या मुलाला तिसरीचं पुस्तक द्यायला लाजू नका. ते पुस्तक मागून आणा, पण चारचौघांत त्याचा उल्लेख करू नका.

दुसरी अडचण: वाचतं घडाघडा, पण सांगता येत नाही. आमच्या त्या मुलीसारखं. याला प्रश्न हवेत. कोण, काय, का आणि तू असतीस तर. हे विचारायला आपल्याला वाचता येण्याची गरज नाही.

तिसरी अडचण: तोंडी सगळं सांगतं, पण लिहीत नाही. याला रोज दोन ओळी स्वतःच्या लिहायला लावा. आज बाजारातून काय आणलं, शेळी का ओरडत होती, काहीही चालेल. दोनच ओळी, पण रोज.

याशिवाय डोळ्यांकडे लक्ष द्या. मूल पुस्तक नाकाजवळ धरत असेल किंवा फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल तर त्याला दिसत नसेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. सगळा सराव करूनही अक्षरं उलटसुलट होत असतील तर ती शिकण्यातली अडचण असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचीही नोंद आहे. शिक्षकांशी बोला, तपासणी करून घ्या. मारून ती जात नाही.

आईने काय करायचं?

आपल्याला वेळ नसतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून एकच मागणी, दिवसाला पंधरा मिनिटं. भाकरी थापताना मूल शेजारी बसवा. ते वाचेल, आपण ऐकायचं. अडलं की पाचपर्यंत मोजायचं. वाचून झालं की विचारायचं, "आज एखादा शब्द कळला नाही का?" मुलाने शब्द सांगितला तर शाबासकी द्या. न कळलेला शब्द सांगणं ही लाजेची गोष्ट नाही, हे घरात रुजलं पाहिजे. तो शब्द आपल्यालाही माहीत नसेल तर खुशाल म्हणा, "मलाही नाही माहीत, उद्या बाईंना विचार."

दोन गोष्टी मात्र टाळा. गृहपाठ मोठ्या बहिणीकडून लिहून घेऊ नका. आणि 'ढ', 'दगड' असे शब्द वापरू नका.

मुलींच्या बाबतीत एक बोलायलाच हवं. शाळेतून आली की पाणी, धाकटं भावंडं, झाडलोट. मुलाला पुस्तक आणि मुलीला घागर, असं आपल्याच घरात होतं. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. आज शाळेत नाव घातलं म्हणजे काम झालं असं नाही, संध्याकाळची पंधरा मिनिटंही मुलीच्या नावावर हवीत.

ज्या मैत्रिणी ऊसतोडीला जातात त्यांनी हे ऐका. वर पाहिलंत तसा आठवड्याचा प्रत्येक दिवस दुसऱ्याला जोडलेला असतो. महिनोन्‌महिने मूल फडावर राहिलं की ही साखळी तुटते. हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे निघण्याआधीच मुख्याध्यापकांना विचारा.

गटाने काय करायचं?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. आपल्यातल्या कितीतरी जणी कागदावर सदस्य आहेत आणि सही करून परत येतात. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आठवड्यातून मोकळ्या वाचनाची तासिका होते का? गोष्टीची पुस्तकं कपाटात आहेत की मुलांच्या हातात? कोणत्या मुलांना वाचनात मदत हवी आणि त्यांच्यासाठी काय चाललंय? भांडायला जाऊ नका, विचारायला जा. बाईंना तुमची साथ हवीच असते.

आमच्या गटाने एक सोपा नियम केला. बैठकीच्या सुरुवातीला एक मूल पाच मिनिटं वर्तमानपत्र किंवा गोष्ट वाचतं आणि कुठलीही ताई त्याला 'का' असा एक प्रश्न विचारते. एक पथ्य पाळतो. गटातल्या कर्जाच्या नोंदी मुलांकडून वाचून घेत नाही, त्या आपल्या आपसातल्या असतात. आणि दुसरं, मुलांच्या वाचनावर आपण कायमचं विसंबून राहायचं नाही. १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी 'उल्लास' नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. त्याची चौकशी शाळेतच करता येते.

त्या ताईंनी 'उल्लास'मध्ये नाव घातलं आहे. रोज रात्री माय-लेकी एकाच पुस्तकावर बसतात. आई अक्षरं जुळवते, मुलगी अर्थ विचारते. शेजारणीचे हप्ते अजून चालू आहेत आणि ते फिटेपर्यंत ताईंची सही त्या कागदावर राहणार आहे. गटातर्फे आम्ही दर महिन्याला शेजारणीची पावती बघतो. झालं ते पुसता येत नाही.

पण मागच्या महिन्यात घरी एक वेगळाच कागद आला, विमा काढणाऱ्या माणसाचा. त्याने म्हटलं, "इथं सही करा, बाकी मी भरतो." मुलीने कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाली, "काका, यातले तीन शब्द मला कळले नाहीत. उद्या बाईंना विचारते, मग आई सही करेल."

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकीच्या घरात असं म्हणणारं एक लेकरू असू द्या. आज रात्री भाकरी थापताना सुरुवात करा.